एका शर्टाचा राग

तुम्हाला कधी कुणी मुद्दाम जिंकू दिलंय का? पत्त्यांत, बुद्धिबळात, घरातल्या वादात, कशातही? आणि ते लक्षात आलं तेव्हा समोरच्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं, की त्याचा गळा धरावासा वाटला? उत्तर देताना सज्जनपणा करू नका. इथे कुणी गुण देणार नाही.

मी विचारतोय ते आमच्या लॉन्ड्रीवाल्या वहिनींमुळे. त्यांच्या यजमानांना अख्खी गल्ली दादा म्हणते, म्हणून त्या अख्ख्या गल्लीच्या वहिनी. मला त्या "पुढारी" म्हणतात. मी सभा घेतो, अर्ज लिहितो, साहेबांच्या टेबलावर हात आपटतो, हे खरं आहे. पण त्या शब्द असा उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला कामधंदा नाही.

दुकान रस्त्याच्या वळणावर आहे. पुढे गिऱ्हाइकांसाठी लाकडी काउंटर, मागे इस्त्रीचं लांब टेबल. टेबलावर जाड घोंगडी आणि घोंगडीवर डागाळलेली चादर, तिचा जगाचा नकाशा झालाय. वाफेच्या इस्त्रीची नळी छतावरून लोंबते. कडेला डागांचं टेबल: शाईचे डाग, तेलाचे डाग, आणि ज्यांबद्दल वहिनी काही विचारत नाहीत ते डाग. प्रत्येक कॉलरला कापडी बिल्ला टाचलेला. दादा कपडे पोचवायला गाडी घेऊन फिरतात आणि जिथे जातील तिथे गप्पा मारत बसतात, त्यामुळे दुकान वहिनींचंच.

मागे एक अरुंद जिना आहे. वरच्या खोलीत पूर्वी लोक न्यायला विसरलेले कपडे असायचे. आता तिथे वहिनींचे धाकटे दीर, म्हणजे भावजी, कॉम्प्युटर मांडून बसतात. भावजी व्हिडिओ गेम बनवतात. खेळत नाहीत, बनवतात. हा फरक सांगून सांगून त्यांचा घसा बसलाय. जोडीला एक चित्रकार बाई आहेत. त्या दिवसभर अक्राळविक्राळ राक्षस काढतात आणि जिन्यात मांजर बसलं असेल तर खालूनच हाका मारतात.

भावजींचा खेळ सोंगाचा. म्हणजे असा की तुम्ही एका पात्राच्या कातडीत शिरायचं, त्याच्या जगात हिंडायचं, लढायचं, लढता लढता बळ वाढवायचं, हत्यारं मिळवायची आणि शेवटी जे हवं ते घेऊन घरी यायचं. या खेळातलं पात्र म्हणजे एका घंटा ओतणाऱ्या कारागिराची मुलगी. गावाची मोठी घंटा कुणीतरी डोंगरावर पळवून नेलेली असते, ती तिने परत आणायची. वाटेत पूल, पुलावर दगडी अस्वल, पुढे जंगल, जंगलात काय काय, आणि डोंगराच्या टोकाला, घंटेच्या दारात, शेवटचा राखणदार.

आता मला या धंद्यातलं काही कळत नाही, पण भावजींच्या तोंडून इतकं ऐकलंय की मी भाषण देऊ शकेन. राक्षस काढणं सोपं. तो किती जोरात मारणार, किती मार खाऊन पडणार, हे ठरवण्यात सगळं दुखणं आहे. त्याने फार मारलं तर खेळणारा उठून जातो. फार मऊ असला तर खेळणारा जांभई देतो, आणि जांभई देणारा माणूस दुसऱ्याला खेळ घे म्हणून सांगत नाही. भावजींना स्वतःचा प्रत्येक राक्षस सोपा वाटायचा, कारण तो कुठून वार करणार ते त्यांनीच ठरवलेलं. चित्रकार बाईंना प्रत्येक राक्षस अवघड वाटायचा, कारण तो जवळ आला की त्या डोळे मिटायच्या. दोघांची रोज जुंपायची.

अशाच एका जुंपलेल्या दुपारी वहिनी भावजींचे इस्त्री केलेले शर्ट घेऊन वर गेल्या.

"वहिनी, जरा हे धर ना," भावजींनी त्यांच्या हातात खेळाचं बटणांचं यंत्र दिलं. लग्न होऊन वहिनी घरात आल्या तेव्हा हे दीर शाळेत होते, त्यामुळे ते वहिनींना अगंतुगं करतात. वहिनी मात्र रीत म्हणून "तुम्ही"च म्हणतात, चिमटा काढतानाही.

"काय आहे?"

"रिमोट समज. समोर ती मुलगी दिसते ना? ती म्हणजे तू."

"मी? एवढी बारीक? भावजी, आज चेष्टा करायला मीच सापडले का?"

"वहिनी, अस्वल येतंय!"

वहिनींनी ते यंत्र इस्त्रीसारखं पकडलं होतं, वरून सगळं वजन देऊन. बटण दाबलं ते असं की टेबल हललं. अस्वलाने एक पंजा मारला आणि पडदा काळा झाला.

"मेले का मी?"

"मेलीस."

"एवढ्यात? मला धड बघू तरी द्यायचं." त्यांनी शर्ट खुर्चीवर ठेवले आणि खाली गेल्या.

खाली इस्त्री टेबलावर आपटल्याचा आवाज आला. पुन्हा आला. वर दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आणि हातातला शर्ट पुरता होण्याआधीच जिना वाजला.

"लावा परत. त्या अस्वलाला वाटतंय काय स्वतःला!"

त्या दिवशी भावजींना त्यांचं माप सापडलं. खेळ असा हवा की वहिनी चिडल्या पाहिजेत, पण चिडून परत आल्या पाहिजेत. खाली जाऊन एका शर्टाच्या आत परत आल्या, तर राक्षस बरोबर. चादरीला हात घातला तर राक्षस जड झाला, जरा हलका करा. खाली गेल्याच नाहीत, हसत बसल्या, तर फारच लेचापेचा, त्याला खाऊपिऊ घाला. वरच्या खोलीत बोलणंही तसंच व्हायचं. "कोळी कसा वाटला?" "दीड शर्ट." "मग विष कमी करा."

आणि खाली गिऱ्हाईक विचारायचं, "वहिनी, या शर्टाची कॉलर एवढी कडक कशी काय झाली?" वहिनी म्हणायच्या, "कोळ्यामुळे." गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे.

वहिनींची खेळायची तऱ्हाही वहिनींचीच. अशा खेळात बळ वाढवायचा एक सरळ मार्ग असतो: गावाभोवती उंदीर मारत बसायचं. प्रत्येक उंदरामागे थोडा अनुभव मिळतो, आणि पुष्कळ उंदीर मारले की माणूस पैलवान होतो. वहिनींना ते पटलंच नाही. "उंदीर मारून मोठं व्हायचं आणि मग अस्वलाशी लढायचं? लोक काय म्हणतील?" एकदा पेटीत भारी चिलखत सापडलं. भावजींनी ते खास या जागेसाठी ठेवलेलं, की पुढचा मार सोसावा. वहिनींनी ते मुलीच्या अंगावर चढवून पाहिलं, तिला गोल फिरवून पाठ बघितली, आणि काढून टाकलं. "खांद्यात ढगळ आहे." त्यानंतर सगळं जंगल त्यांनी साध्या अंगरख्यावर पार केलं. भावजींनी जंगलाचा जोर त्या अंगरख्याप्रमाणे लावला. मापच ते, मापाशी कोण वाद घालणार?

मग आला शेवटचा राखणदार.

तो खुर्चीत बसलेला असतो. उंच पाठीची, रुंद हातांची खुर्ची. तुम्ही आत शिरता तेव्हा तो बघतही नाही. जवळ गेलात की नुसता हात उचलतो आणि तुम्ही भिंतीवर. काठीने जमिनीवर टक टक करतो आणि छतातून दगड पडतात. अख्खी लढाई तो बसून लढतो. उभा राहतो तो अगदी शेवटी, आणि तो उभा राहिल्याशिवाय त्याला हरवता येत नाही.

वहिनींनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या बटण दाबायच्याच विसरल्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हे तर मामंजी."

भावजी गोरेमोरे झाले. मामंजी म्हणजे वहिनींचे सासरे, म्हणजे भावजींचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली. "छे गं, काहीतरीच काय! मी वडिलांचा विचारसुद्धा केला नव्हता."

"खुर्ची मी काढली," चित्रकार बाई पुटपुटल्या. "खाली काउंटरमागे आहे ना, ती बघून."

खाली खरोखरच ती खुर्ची आहे, आणि तिच्यात खरोखरच मामंजी बसायचे. मी पाहिलेत त्यांना. वाईट माणूस नव्हता, पण बसल्या जागेवरून घर हलवायची त्यांची हातोटी होती. नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ शोधण्यात घरातल्यांचा दिवस जायचा. वहिनींनी त्यांना कधी उलट उत्तर दिलं नाही. ही गोष्ट वहिनी स्वतः सांगतात, आणि सांगताना त्यांना तिचा अभिमान वाटतो की पश्चात्ताप, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर वहिनी मामंजींशी लढू लागल्या. रोज दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. रोज हरायच्या. खाली येऊन एक शर्ट करायच्या, पुन्हा वर. "आज काय झालं?" मी विचारायचो. "आज काठीपर्यंत गेले," त्या सांगायच्या, किंवा "आज त्यांनी माझ्याकडे बघितलं." दादांना तर त्यांनी बजावूनच ठेवलं होतं, "मामंजींना खुर्चीतून उठवल्याशिवाय मी काही डोळे मिटायची नाही." दादा म्हणाले, "आईला जमलं नाही ते तुला काय जमणार?" त्या दिवशी दादांचा शर्ट ओलाच घडी झाला.

इतकं सगळं झाल्यावर भावजींना वाटलं, खेळ तयार आहे, आता लोकांसमोर मांडू. वाचनालयाचं सभागृह मीच मिळवून दिलं; वाचनालयाच्या कार्यवाहांना माझा आवाज नकोसा झालाय, त्यामुळे ते पटकन हो म्हणतात. खुर्च्या मांडल्या, पडदा लावला. माणसं आली. निवृत्त पोस्टमास्तर आले, चष्म्याच्या दुकानातल्या बाई आल्या, बसचा ड्रायव्हर आला. वहिनी नवी साडी नेसून मागे उभ्या होत्या, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला आल्यासारख्या.

पोस्टमास्तर पुलावर गेले आणि मेले. चष्मेवाल्या बाई पुलावर गेल्या आणि मेल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा मेल्या. ड्रायव्हर अनुभवी माणूस, त्याने पुलाकडे एक नजर टाकली आणि गावाभोवती उंदीर मारायला सुरुवात केली. बाकीचे मरत होते आणि हा शांतपणे उंदीर मारत होता.

"पूल चालू आहे ना हो?" पोस्टमास्तरांनी भावजींना विचारलं. "नाही, दुरुस्तीला वगैरे असेल तर थांबतो."

मग मी बसलो. माझा उजवा अंगठा एका निदर्शनात दारात सापडला होता, तेव्हापासून तो हवा तसा वाकत नाही. पण मी असा कुणाला घाबरणारा नाही. अस्वलाने मला पुलावरून खाली टाकलं. मी उठलो, त्याने टाकलं. उठलो, टाकलं. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे गल्लीला माहीत आहे.

"हा अन्याय आहे!" मी उभा राहिलो. "हा पूल कुणासाठी बांधलाय? आधीच ज्यांना सगळं जमतं त्यांच्यासाठी? मी याविरुद्ध अर्ज करणार!"

"कुणाकडे करणार?" वहिनी मागून म्हणाल्या. "अस्वलाकडे? अहो पुढारी, ते पंजा उचलतं तेव्हा डावीकडे सरका की. एवढं सोपं तर आहे."

"सोपं? या, तुम्ही करून दाखवा!"

आणि वहिनी पुढे आल्या. साडीचा पदर खोचला, यंत्र हातात घेतलं, बोटांच्या टोकांवर, हलकेच, जसं आपण चहाचा कप धरतो. ती घंटेवाल्याची मुलगी ज्या सफाईने पुलावरून गेली तितक्या सफाईने मी कुणाला चादरीची घडी घालतानाही पाहिलेलं नाही. डावीकडे, खाली, मागे, एक घाव, पुन्हा एक. अस्वल नदीत. वहिनी वळून बघतायत की टाळ्या का वाजत नाहीत.

भावजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी डोळ्यांनी पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "तू तरबेज झालीस गं."

"मग? चांगलं आहे की!"

"अगं कसलं चांगलं! सगळे राक्षस तुझ्या मापाने शिवलेत!"

हेच झालं होतं. वहिनी रोज थोड्या तयार होत गेल्या, आणि राक्षस त्यांना एका शर्टाचा राग येईल असे बेतले जात राहिले. अस्वलसुद्धा. पहिल्या दिवशीचं अस्वल त्यांना नंतर मऊ लागायला लागलं म्हणून भावजींनी त्याला मध्येच दोनदा बळ दिलं होतं. फूटपट्टीच लांब होत गेली, आणि वरच्या खोलीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ज्यांनी वहिनींना सोडून दुसऱ्या कुणाला खेळायला बसवलंच नाही, अशाच लोकांच्या हातून ही चूक होते. चित्रकार बाईंना बसवलं असतं तरी कळलं असतं, पण त्या डोळे मिटतात म्हणून त्यांचं मत कुणी घेत नव्हतं.

त्यानंतर वरच्या खोलीत गडबड उडाली. नवं माप हवं होतं. ते माप कोण? मी! मला सन्मानाने बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि मी जिथे जिथे मेलो तिथे तिथे भावजी खेळ हलका करत गेले. मी खूष होतो. जनतेचा आवाज ऐकला जात होता. भावजींनी सगळ्या खेळाच्या जोराला एकच आकडा ठेवला होता. तो खाली ओढला की अस्वलापासून डोंगराच्या टोकापर्यंत सगळे एकदम मऊ. वर घाईघाईत त्यांनी शेवटच्या राखणदाराचे वार हातानेही छाटले, लोक तिथे अडकायला नकोत म्हणून. जुने आकडे ठेवले नाहीत. कशाला ठेवायचे? चुकीचे तर होते.

वहिनींना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. माझ्या मनातही आलं नाही.

दुपारी वहिनी नेहमीसारख्या वर गेल्या. आत शिरल्या, मामंजींच्या समोर उभ्या राहिल्या. काठी वाजली, दगड पडले, पण कसे, तर रुसल्यासारखे, कडेकडेला. मामंजींनी हात उचलला, वहिनी सरकल्या नाहीत, आणि काही झालं नाही. चार घाव घातले असतील नसतील, मामंजी उभे राहिले आणि पडले. घंटेचं दार उघडलं. पडद्यावर गाव नाचू लागलं.

"जिंकलात वहिनी!" चित्रकार बाईंनी टाळ्या वाजवल्या.

वहिनींनी यंत्र टेबलावर ठेवलं. खाली गेल्या. भावजींनी कान लावला. शर्टाचा आवाज नव्हता, चादरीचा नव्हता. डोकावून पाहिलं तर वहिनी इस्त्रीला पडदे काढून बसल्या होत्या. नाट्यगृहाचे. जाड, लांब, कधी न संपणारे.

दुसऱ्या दिवशी भावजींचे शर्ट जसे टाकले तसे चुरगळलेले परत आले, वर बिल्ला टाचून. तिसऱ्या दिवशीही. अंगावर सुरकुतलेला शर्ट घालून लॉन्ड्रीतून बाहेर पडणारा माणूस रस्त्यावर किती शोभतो, याची तुम्ही कल्पना करा. भावजी माझ्याकडे आले.

"तुम्ही संप-बिंप मिटवता ना? आमचा मिटवा."

मी गेलो. इस्त्रीच्या टेबलाच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला भावजी, टेबलाच्या डोक्याला मी. चित्रकार बाई जिन्यात, कारण मांजर आज वर होतं.

"वहिनी, रागावलीस का ते तरी सांग," भावजी म्हणाले.

"मी कशाला रागावू? तुमचा खेळ, तुमचे राक्षस. तुम्ही त्यांचे दात पाडा नाहीतर त्यांना ओवाळा."

"अगं लोकांना जमत नव्हतं!"

"मग लोकांना पूल द्या की! माझ्या मामंजींना हात का लावलात?" इस्त्रीतून वाफ सुटली. "इतके दिवस मी त्यांच्यासमोर उभी राहतेय. रोज भिंतीवर आपटून घेतेय. आणि तुम्ही त्यांना आजारी पाडून माझ्यासमोर आणून ठेवलंत? आजारी माणसाला पाडलं मी, भावजी. ते नुसते खोकले असते तरी पडले असते."

"पण जिंकलीस ना शेवटी?"

वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की मी माझी खुर्ची जरा मागे घेतली.

पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. "वहिनी, तुमचं एकटीचं बघून चालणार नाही. तुमच्या एका मामंजींसाठी पोस्टमास्तरांनी पुलावर जन्म काढायचा का?"

"मी म्हटलं का, लोकांना अडवा म्हणून?"

"मग भावजी, दोन्ही ठेवा की!"

इथे भावजी ताठ झाले. कलाकार आहेत ते. "असं नसतं. खेळ एकच असतो. कुणाला किती घाम फुटावा हे मी ठरवतो. दोन खेळ केले तर माझा कुठला?"

आता माझं डोकं तापलं. "दवाखान्याच्या दारात आम्ही भांडून उतार बांधून घेतला. तेव्हा पायऱ्या उखडल्या होत्या का? कुणी उतारावरून जातं, कुणी पायऱ्यांवरून. आत डॉक्टर एकच आहे. आणि तोही जागेवर नसतो, तो मुद्दा वेगळा!"

मला वाटलं, जिंकलो. छाती जरा पुढे आली.

"बरोबर बोललात पुढारी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही उतारावरून जा. मला पायऱ्या हव्यात. उंच हव्यात."

ठरलं. खेळ सुरू करताना दोन वाटा ठेवायच्या. आता त्यांना नावं काय द्यायची? भावजींनी "सोपा" आणि "अवघड" लिहिलं. मी पुन्हा उसळलो: "सोपा" अशी पाटी लावली तर तिकडे जाणार कोण? चारचौघांत कुणाला मान खाली घालून बटण दाबायचंय? चित्रकार बाई जिन्यातून म्हणाल्या, "मग ज्यांच्या मापाने केलंय त्यांचीच नावं द्या." आणि माझ्या तोंडातून विरोध निघायच्या आत ते झालंसुद्धा. आज तो खेळ उघडलात तर पडद्यावर दोन दारं दिसतात. एकावर "वहिनी" लिहिलंय. दुसऱ्यावर "पुढारी". माणसं मोठ्या डौलात "पुढारी" निवडतात, त्यांना वाटतं हेच जास्त कठीण असणार. मी कुणाची समजूत काढत नाही.

राहिला प्रश्न मामंजींचा. जुने आकडे तर भावजींनी पुसून टाकलेले, आणि त्यांना एकही आठवेना. मामंजी होते तसे उभे करायचे, म्हणजे बसवायचे, तर कसे? त्यांना पुरतं ओळखणारी एकच व्यक्ती होती, आणि तिलाच त्यांना हरवायचं होतं.

तेव्हा मी जे पाहिलं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. वहिनी खेळायच्या आणि सांगायच्या. "काठी फार सावकाश आहे. ते असे वाट बघत नव्हते." भावजी काठी झपाट्याची करायचे. "हात उचलल्यावर मी भिंतीपर्यंत जायला हवी. मी तर निम्म्या वाटेतच थांबले." भावजी हाताला जोर द्यायचे. "दगड माझ्यावर पडू देत, भावजी, कडेला काय पाडताय?" स्वतःचा वैरी स्वतःच्या हाताने दणकट करत होत्या. एक बोट सैल सोडलं असतं तर कुणाला कळणार होतं? मी असतो तर सोडलं असतं. तुम्हीही सोडलं असतंत, उगीच मान हलवू नका.

शेवटी एकदा मामंजींनी नुसता हात उचलला आणि वहिनी अशा आपटल्या की पडदा काळा झाला. मग उठल्या, खाली गेल्या. इस्त्रीचा आवाज आला. भावजी श्वास रोखून मोजत होते. कॉलर झाली, बाही झाली, दुसरी बाही अर्धी, आणि जिना वाजला.

"हेच," वहिनी दारात उभं राहून म्हणाल्या. "हेच मामंजी."

भावजींनी पडद्यावरच्या आकड्यांवर नजर टाकली. "वहिनी, हे पहिल्यापेक्षा जड झालेत बहुतेक."

"असू देत. मधल्या काळात जेवले असतील."

त्या दिवशी भावजींना शर्ट कडक इस्त्री होऊन मिळाला.

खेळ आता बाहेर गेलाय. लांबलांबचे लोक खेळतात. "पुढारी"च्या दारातून पुष्कळ जण घंटा घेऊन गावात आले. पोस्टमास्तर आले, चष्मेवाल्या बाई आल्या, मीही आलो, अंगठ्यासकट. ड्रायव्हर अजून उंदीर मारतोय, पण तो सुखी आहे. आणि "वहिनी"च्या दारातूनही काही पोरंठोरं, काही थोर लोक शेवटपर्यंत पोचले. मामंजींना खुर्चीतून उठवायची एक युक्ती आहे, ती त्यांना सापडली. मलाही ठाऊक आहे. भावजींच्या पडद्यावर माझी नजर पडली एकदा. खुद्द वहिनींना मात्र ती अजून सापडलेली नाही. रोज दुपारी त्या वर जातात आणि रोज भिंतीवर आपटून खाली येतात.

मी एकदा भीतभीत विचारलं, "वहिनी, समजा कुणी सांगितलंच तर?"

"तर मी जिंकेन," शर्टाची बाही पलटत त्या म्हणाल्या. "आणि मामंजी म्हणतील, 'हं. विचारून आलीस.'"

तर माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. अर्ज नाही, निवेदन नाही, मागणं. तुम्ही कपडे टाकायला त्या दुकानात जाल, काउंटरवर कुणी नसेल, वरून काठीची टकटक ऐकू येईल आणि पाठोपाठ वहिनी तणतणत जिना उतरतील. तुम्हाला ती युक्ती माहीत असेल, तुमच्या जिभेला खाज सुटेल, तुम्हाला वाटेल बिचारीला मदत करावी. करू नका. कपडे द्या, पावती घ्या, आणि तोंड मिटून घरी जा.